हिराबाईंच्या नळीतला फवारा

१२ मार्च ९१, मंगळवार. धुळे
हिराबाई मशीनवर, दुसरा दिवस. वय चौतीस. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडायचं काम. दमा जुनाच, पण या वेळी आणलं तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. आता घशात नळी, नळीला व्हेंटिलेटर. इंजेक्शनं चालू. शिवाय दम्याचा पंप, दर चार तासांनी नळीतच चार फवारे. ते मी देते. फरक शून्य. छातीतली घरघरसुद्धा बंद झालीय. हे वाईट. हवाच आत जात नाही.

१३ मार्च
सकाळी नळी आणि मशीन जोडणारा प्लास्टिकचा कोपरा बदलला. आतून पांढरा थर. बोटाने पुसून जिभेला लावला, कडू. म्हणजे औषध इथंच बसतंय! मशीनची हवा ओली, फवारा भिंतीलाच चिकटतो. छातीपर्यंत किती पोचत असेल, देव जाणे.
राउंडला मोठ्या डॉक्टरांना, सरांना, दाखवलं. "सिस्टर, औषध देणं तुमचं काम. ते कुठं जातं ते मी बघतो." सगळ्यांसमोर. कान तापले.
हिराबाईंचा नवरा, दगडूभाऊ, दिवसभर दाराशी उभा. "ताई, आज कसं शे?" तसंच आहे, म्हटलं. मान खाली घालून परत भिंतीला टेकला.

१४ मार्च
केलं. न विचारता.
सर जळगावला गेलेले, ज्युनियर डॉक्टर खाली ओपीडीत. सलाईनची प्लास्टिकची रिकामी बाटली कापून घेतली होती. एका टोकाला घशातली नळी, दुसऱ्या टोकाला हाताने दाबायची पिशवी, बाजूला पंपापुरतं भोक, सांधे चिकटपट्टीने बंद. बाटलीत फवारा मारायचा, मग पिशवी सावकाश दाबायची, म्हणजे औषध भिंतीला न लागता आत जाईल. एवढाच विचार.
मशीन काढलं. पहिला फवारा. दुसरा. तिसऱ्याला चिकटपट्टी सुटली. सगळी हवा बाहेर. नाडी मंद, एकदम मंद...
दारातून दगडूभाऊ ओरडला, "ताई, तिना ओठ काया पडी ऱ्हायनात!"
मशीन परत लावलं. नाडीवरचं बोट पाच मिनिटं काढलं नाही. हळूहळू रंग आला.
आणि मग पुन्हा केलं. हो. नवी पट्टी, दुहेरी. सहा फवारे.
चार वाजता छातीत शिट्ट्या ऐकू आल्या. आल्या! हवा जातेय.
केस पेपरवर लिहिलं: पंप, चार फवारे. खोटं.

१५ मार्च
सर खूश. "इंजेक्शनांनी धरलं शेवटी." असेलही. तीन दिवसांनी त्यांचा गुण येतोच. मी कोण ठरवणार? पण दुपारपर्यंत छाती मुकी, आणि चारला...
ओठांचा तो रंग डोळ्यांपुढून जात नाही. गेली असती तर कागदावर काय लिहिलं असतं मी?

१७ मार्च, रविवार
नळी काढली. हिराबाई बोलल्या: "पानी." दगडूभाऊने सरांचे पाय धरले. मग माझ्याकडे हात करून, "सर, या ताईनी बाटलीमाईन दवा दिधी, तवयच तिना जीवमा जीव उना."
सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सगळं सांगितलं, ओठ काळेनिळे पडले तेही.
"केस पेपरवर आहे?"
"नाही, सर."
"ती गेली असती, तर मी त्या माणसाला काय सांगितलं असतं? मलाच माहीत नसतं."
आवाज चढला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. कागद पुढं केला. "आजची तारीख घाला. सगळं लिहा." लिहिलं. सरांनी घडी घालून आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवला. उद्या कामावर येऊ की नको? विचारायचं धाडस नव्हतं.

१९ मार्च
एरंडोलचे नाना, पासष्टीचे. दमा, दुपारी नळी टाकावी लागली. नळीतल्या फवाऱ्याने काही नाही.
सर म्हणाले, "सिस्टर, तुमची ती बाटली करा." सगळ्यांसमोर. "सांधे मी धरतो."
धरले, दोन्ही हातांनी. ज्युनियर डॉक्टरांचं बोट नाडीवर. मी फवारा मारायची, पिशवी दाबायची, पाच मोजायची. सहा वेळा. रंग टिकला. मशीन लावलं. सरांनी छाती ऐकली, मग स्टेथोस्कोप माझ्याकडे दिला. मी ऐकलं. शांत. काहीच नाही.
वॉर्डातल्या टेबलाशी बसून लिहितेय. वीस मिनिटं झालीत. सर खुर्ची ओढून खाटेजवळ बसलेत. नानांची सून दारात उभी, पदराचं टोक पिळत. तिला काय सांगू, असं मी सरांना विचारलं.
"काय केलं ते सांगा. पुढचं आपल्यालाही अजून माहीत नाही, तेही सांगा."
उठते. ती वाट बघतेय.