विरीची गाडी

तळा,
माघ वद्य तृतीया, शके १८५५

प्रिय नीरा,

हे पत्र हरेश्वर भाऊजींकडे वाचायला देऊ नकोस. अडखळत का होईना, तूच वाच. म्हणून तर अक्षर मोठं काढलंय. मी सुखरूप पोचले. रोह्यापासून पुढे गाडीवान बैलांवर आणि माझ्यावर सारखाच खेकसत होता. इथे डोंगरात गारठा चौलपेक्षा जास्त आहे. यांनी माझ्यासाठी शेगडी पेटवून ठेवली होती.

मी तुमच्याकडे कशाला आले होते, हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझी धाकटी बहीण केसर गेली, वर्षाच्या आत भाऊजींनी तुला आणलं आणि तिची रघू-वेणू तुझ्या हाती आली. विहिरीवरच्या बायका मला म्हणायच्या, माय मरो पण मावशी उरो, घेऊन जा पोरांना. भाऊजींनीही मान डोलावली होती. पण मी आले आणि दोघांना गोवर आला. तो उतरल्यावर वैद्यांनी बजावलं, उत्तरेचं वारं आहे तोवर पोरं उंबऱ्याबाहेर पडता कामा नयेत. म्हणून मी गारठा ओसरायची वाट बघत राहिले. आणि खरं सांगू, तू कुठे चुकतेस तेही बघत राहिले.

बरी झालेली पोरं घरात कोंडायची म्हणजे काय ते मला तिथे कळलं. पहिल्याच सकाळी रघूनं मांजराला कणगीत घातलं आणि वेणूनं भोकाड पसरलं. तुझ्या जागी मी असते तर दोघांना दोन धपाटे घालून गोधडीत निजवलं असतं. तू माजघरात सुपाऱ्या ओतल्यास आणि म्हणालीस, हात लावायचा नाही, पायाच्या बोटांनी उचलायची आणि लंगडी घालत टोपलीत नेऊन टाकायची. घटकाभरात पोरांचे पाय ऊन झाले, कपाळावर घाम आला आणि तुझं सुपाऱ्या भरायचं कामही झालं. मनात म्हटलं, पोरगी हुशार आहे. तोंडानं मात्र, सुपाऱ्या पायदळी तुडवतात का, असं म्हणाले. तू हसलीस नुसती.

मग वाडीतून तू पोफळीची वाळलेली विरी आणलीस. झावळीच्या त्या रुंद बुडाशी एकाला बसवायचं, शेंडा धरून दुसऱ्यानं ओढायचं. माजघर, पडवी, पुन्हा माजघर! आदल्या दिवशी सारवलेली जमीन पार उखडली. घर आहे की कुस्तीचा आखाडा, असं मी बोलले. दुसऱ्या सकाळी बघते तर तू आमच्या आधी उठून सगळं सारवलेलं, आणि पोरं उठली की पुन्हा गाडी सुरू. असं रोज. एकदाही तू त्यांना जमिनीवरून बोलली नाहीस. एवढे कष्ट मी कुणासाठी उपसले असते का, कोण जाणे.

आणि तो दिवस. तुला वाटलं मी स्वयंपाकघरात आहे. मी दाराआड होते. दोघांच्या फेऱ्या झाल्या होत्या. दुसरेपणाच्या सगळ्या बायका घालतात तसा तुझ्याही गळ्यात सवतीचा टाक आहे. चांदीच्या त्या एवढ्याशा मूर्तीत माझी केसर आहे असं सगळे मानतात, आणि तिचा कोप होऊ नये म्हणून बायका भीत भीत तो घालतात. तू तो मुठीत धरलास, विरीवर बसलीस आणि पोरांना म्हणालीस, "आता तुमच्या आयला वढा. तिला पन बसायचं हाय."

पोरांनी दात-ओठ खाऊन ओढलं. वीतभर हलली असेल गाडी. वेणूनं विचारलं, आयला थंडी वाजत असंल का गं? तू टाकावर पदर घेतलास. नीरा, केसर गेल्यापासून त्या घरात तिचं नाव सगळे रडवेल्या तोंडानं घेत होते. तिला खेळायला घेणारी तू एकटी. मी चुलीपाशी जाऊन पोटभर रडले.

गारठा ओसरला. निघायच्या सकाळी पोरांच्या कपड्यांचं गाठोडं तू स्वतः बांधून ओटीवर आणून ठेवलंस. डोळ्यांत टिपूस नाही, पण गाठोड्यावरचा हात काढला नाहीस. शिमग्यानंतर येऊन नेते, असं सांगून मी एकटीच गाडीत बसले. तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. पण मला मूलबाळ नाही, यांनी या दोघांसाठी ओसरीवर झोपाळा बांधून ठेवला होता. यांना आधी सांगितल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द निघेना. काल सांगितलं. यांनी उठून झोपाळा सोडला. मग म्हणाले, पत्र उद्याच टाक, ती पोर तिकडे दिवस मोजत बसली असेल.

तर हे पत्र त्यासाठी. मी शिमग्यानंतर पोरांना न्यायला येणार नाही. गाठोडं सोड, नीरा. पोरं तुझी आहेत. आणि मला सोनूबाई म्हणणं आता पुरे. केसर मला ताई म्हणायची.

तुझीच,
ताई