एक चासी, दोन गाड्या

१ मे १९८५
परदेशी मासिकात वाचलं. तिकडे मागच्या चाकांनी चालणाऱ्या एकाच चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, वेगवेगळ्या ऐटदार गाड्या काढतात. खर्च कमी, रुबाब डबल. कांजूरमार्गला ड्राफ्ट्समन म्हणून दुसऱ्यांची ड्रॉइंग्ज गिरवण्यात माझं आयुष्य चाललंय. संकल्प: दसऱ्याला स्वतःची गाडी. हल्ली पुढच्या चाकांवर चालणाऱ्या चिमुकल्या गाड्यांचं फॅड आलंय, ते टिकणार नाही.

९ मे
खालच्या मजल्यावरचा कुंडलिक पार्टनर झाला. त्याचं नाहूरला गॅरेज आहे. चासी एक, बॉडी दोन: त्याची पांढरी, माझी मरून. ज्याला गाडी हवी त्याची बॉडी चढवायची. मालनने विचारलं, तिकडच्या कंपनीतसुद्धा चासी एकच असते का? बायकोला टेक्निकल समजावणं कठीण.

२ जून
भंगारातून जुन्या परदेशी गाडीची चासी मिळाली, इंजिनासकट. झकास. मालनच्या वडिलांना मालवणला पत्र टाकलं: दसऱ्याला या, नारळ तुमच्या हातून फोडू. लग्नापासून अण्णा म्हणत आलेत की जावई बोलतो फार. यंदा बघतील.

१८ ऑगस्ट
बॉडी बदलायला अर्धा तास लागेल असा माझा हिशोब होता. आज सगळा रविवार गेला, शिवाय बिल्डिंगमधली सहा माणसं. सरावाने वेळ कमी होईल.

घटस्थापना
दोन्ही बॉडी रंगवून तयार. मरूनमध्ये बसलो की मी साहेब दिसतो. मालन म्हणाली, साहेब दिसताय, पण खाली चाकं नाहीत. वेळेवर लागतील.

अष्टमी
कुंडलिक म्हणाला, दसऱ्याला पांढरी चढवू ना, बायकोला पूजा करायची आहे. मी म्हटलं, दसऱ्याला मरून. तो म्हणाला, यार, दसरा माझ्याकडेपण त्याच दिवशी आहे. एवढी ड्रॉइंग्ज काढली, हा मुद्दा कशातच आला नव्हता. चिठ्ठ्या टाकल्या. पांढरी आली. कुंडलिक आरे कॉलनीत एक चक्कर मारून दुपारी चासी परत देणार. अण्णा तसेही दुपारी झोपतात. काळजीचं कारण नाही.

दसरा, सकाळी
पांढरी धूर सोडत गेली. अण्णा आले. मरून बॉडी विटांवर ठेवून झेंडूचं तोरण बांधलं. अण्णांनी वाकून खाली पाहिलं. मी म्हटलं, सर्व्हिसिंग चालू आहे.

दसरा, दुपारी चार
आरेमध्ये मागची चाकं फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट गळून पडला. कुंडलिकने तबेल्यातून फोन केला, दूधवाल्यांचा टेम्पो ओढून आणणार आहे, पण उद्या. अण्णा मात्र उठून आपणहून मरूनमध्ये जाऊन बसले. नारळ फोडला, मालनच्या हातचा पेढा खाल्ला. म्हणाले, "गाडी बरी आसा. हादरे अजिबात लागनत नाय." म्हणजे सस्पेन्शन जमलं.

दसरा, संध्याकाळ
त्यात सस्पेन्शन नव्हतंच, ते चासीबरोबर आरेत होतं, हे मघाशी अंघोळ करताना लक्षात आलं. फार लाज वाटली. अण्णा हसले नव्हते, त्याची जास्त.

त्यांची गावची एसटी मुलुंडहून होती. पिशवी उचलून म्हटलं, चला अण्णा, सोडायला येतो. ते म्हणाले, "कशान?"

बसने गेलो. तिकिटं अण्णांनी काढली.