मुलाचे नाव युक्लिड

मी, सुकदेव दगडू बोरसे, वय ७१, निवृत्त गणित शिक्षक, राहणार बमरोली, सुरत. शरीर थकले असले तरी डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मनाने हे मृत्युपत्र लिहीत आहे. २०१६ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी माझ्या एकुलत्या मुलाला बेदखल केले होते. त्याचे कारण लिहून ठेवणे भाग आहे.

१. मुलाचे नाव मी युक्लिड ठेवले होते. शाळेत आजही शिकवतात ती भूमिती ज्या ग्रीक गणितीच्या नावाने ओळखली जाते, तो हा. माझे वडील पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवीत. मी भूमितीच्या जोरावर मास्तर झालो. म्हणून ते नाव. इच्छापोरला एका कारखान्यात मुलाखतीत नाव ऐकून सगळे हसले. घरी येऊन तो म्हणाला, "नाना, लोके हासतस." मग गॅझेटमध्ये देऊन त्याने नाव योगेंद्र करून घेतले. मी म्हणालो, "आता बापही बदलून घे." लग्नपत्रिकेवर योगेंद्र छापलेले पाहून मी लग्नाला गेलो नाही. पत्नी उषाबाई शेवटच्या आजारात सांगत राहिली, "पोऱ्याले घर बलाई ल्या." मी बोलावले नाही.

२. मार्च २०२३ मध्ये हजिरा रोडवर त्याला ट्रकने उडवले. दवाखान्याच्या खिडकीवर मी नाव सांगितले, युक्लिड बोरसे. "काका, इस नाम का कोई नहीं है." अपघात दुसऱ्याच कोणाचा असेल असे समजून मी बाकावर बसून देवाचे आभार मानले. पाऊण तासाने सून नूतन आली, तिने योगेंद्र म्हटले आणि आम्हाला आत नेले. नर्स म्हणाली, दहा मिनिटांपूर्वीपर्यंत श्वास चालू होता.

३. बमरोलीचे घर नूतनला द्यावे. पुतण्या गोपाल याने हक्क सांगू नये. "सुनेला कशाला?" असे तो माझ्या तोंडावर म्हणाला आहे.

४. फळ्यावरचा लाकडी कंपास, गुण्या आणि कोनमापक माझ्या जुन्या शाळेला द्यावेत. बँकेतली ठेव नात हर्षदा हिची. ती गुजराती शाळेत जाते, गणित तिला आवडत नाही. तिने काय शिकावे याबद्दल माझी कसलीही अट नाही.

५. मला अग्नी नूतनने द्यावा. तिचे मन होत नसेल तर शेजाऱ्यांपैकी कोणीही द्यावा. तिला कोणी बोल लावू नये.

हे वाचून, समजून, साक्षीदारांदेखत सही केली.

सुकदेव दगडू बोरसे

साक्षीदार:
लोटू धुडकू माळी, शेजारी
सुवर्णा भटू पवार, शिक्षिका

बमरोली, सुरत
१४ डिसेंबर २०२५