ट्रायम्फ कधी म्हणतात

रविवार, नऊ तारीख, दुपार

चि. शहाणीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या लेकालाही माझे आशीर्वाद सांग. तो तोंड वाकडं करील, तरी सांग. परवा फोनवर त्याचं रडणं ऐकवलंस. आवाज खणखणीत आहे, कुठे खरखर नाही. नवं बेअरिंग, तेल बरोबर पडलेलं. काळजी नको.

इकडे तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात. मी म्हटलं, ग्रीस लावू का? तिने लाटणं दाखवलं. वर्कशॉप चालू आहे. दोन नव्या लिफ्टची कामं आली आहेत, पण अजून हात लावलेला नाही.

तू तीनदा विचारलंस, भाषण कसं झालं, तो शब्द कसा गेला. तीनदा मी 'बरं झालं' म्हणून फोन आईकडे दिला. आज सगळं लिहितो. बाळ झोपलं असेल तर वाच, आणि जावईबापू घरात असताना वाच. त्यांना यातलं बरंचसं ठाऊक आहे. सांगू नका अशी गळ आम्हीच घातली होती, तेव्हा त्यांच्यावर रागावू नकोस.

हॉस्पिटलच्या लिफ्टचं उद्घाटन होतं आणि मला भाषणात एक भारदस्त इंग्रजी शब्द हवा होता. 'सक्सेस' तू नापास केलास. म्हणालीस, तो आता साबणाच्या वडीवरही असतो. मग 'ट्रायम्फ' दिलास, आणि वर शिकवणी: "बाबा, हा ऊठसूट वापरायचा नाही. दुकान बरं चाललं तर नाही, लॉटरी लागली तरी नाही. समोर काहीतरी दांडगं उभं असावं लागतं आणि त्याच्यावर मात करावी लागते. आणि सगळं पार पडल्यावर म्हणायचा, आधी नाही." मी म्हटलं, एका शब्दाला एवढ्या अटी? त्यापेक्षा लिफ्टचा परवाना लवकर मिळतो. फोन स्पीकरवर होता. तुझा काका शेजारी पाना पुसत होता, तो म्हणाला, "पोरगी बरोबर सांगतेय, दादा. आधी वर जाऊ दे, मग काय म्हणायचं ते म्हण."

शब्द आम्हाला शोभणारा होता, असं मला अजूनही वाटतं. दोघा भावांत एक स्क्रूड्रायव्हर, अशी सुरुवात आमची. दुसऱ्यांच्या बिघडलेल्या लिफ्ट दुरुस्त करत फिरलो. रस्त्यावरून जाताना मी कान टवकारून सांगायचो, या इमारतीची मोटर आठवड्याभरात बसणार, आणि तो मालकाला जाऊन गाठायचा. माझे कान, त्याचे हात. स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट तुम्हाला झेपायची नाही, असं मोठ्या कंपनीवाले तोंडावर म्हणाले होते. ती आम्ही उभी केली.

आपली पहिल्या फेरीची पद्धत तुला आठवत असेल. लहानपणी तू टेबलाखाली बसायचीस, काका टेबलावर. तू म्हणजे लिफ्टच्या आतला माणूस, तो टपावरचा. दोन ठोके म्हणजे चल. एक ठोका म्हणजे थांब, आहेस तिथे थांब, विचारायचं नाही. तू नाही थांबलीस की तो "मेलो, मेलो" करत जमिनीवर लोळायचा आणि तू खिदळायचीस.

खऱ्या लिफ्टवरही तेच. मी आत, बटणावर बोट; बोट उचललं की लिफ्ट थांबते. तो टपावर, कान लावून. आत पाहुणे नाहीत, वाळूची पोती. माणसं नेहमी दुसऱ्या फेरीला.

त्या दिवशी विश्वस्तसाहेब म्हणाले, "पोत्यांचे फोटो कोण छापणार? पहिल्या फेरीला आम्हीच चढतो." फोटोवाला आधीच वरच्या मजल्यावर जाऊन उभा होता. मी काकाकडे पाहिलं. तो म्हणाला, "वजन ते वजन. पोती काय, पाहुणे काय. फक्त काल शेवटच्या मजल्याशी काहीतरी घासत होतं, ते नीट केलंय, पण भार चढल्यावर काय बोलतं ते ऐकतो. ठोक्याकडे लक्ष ठेव." आणि चढला टपावर.

मी खाली भाषण करून टाकलं होतं. 'ट्रायम्फ' म्हटलं होतं. लोकांना आवडला शब्द.

दोन ठोके आले. मी बटण दाबलं. चौथा मजला ओलांडला आणि आतल्या मंडळींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्या टाळ्यांत वरून ठोका आला.

एक.

शहाणे, मला तो ऐकू आला. टाळी कशी वाजते आणि पत्र्यावर पाना कसा वाजतो, हे मला झोपेतही कळतं. मला वाटलं, हातभर तर राहिलंय. दार उघडेल, फोटो निघेल, मग बघू काय म्हणतोय ते. बोट उचललं नाही.

वर एक लोखंडी पट्टी सुटून लिफ्टच्या वाटेत आली होती, आणि टपावर तो होता. दार उघडलं, फोटो निघाला. फोटोत मी हसतोय. मी त्याच्या पुढच्या ठोक्याची वाट बघत होतो. तो आला नाही.

काका गेला, पोरी. तू विचारायचीस तेव्हा कधी तो साइटवर आहे म्हणायचो, कधी त्याचा घसा बसलाय; ते सगळं खोटं होतं. तुझे दिवस भरत आले होते, डॉक्टर म्हणाले धक्का नको. मग बाळ आलं, तू आनंदात होतीस, आणि मग मला लाजच वाटायला लागली.

एवढंच असतं तर फोनवर रडून मोकळा झालो असतो.

चौकशी झाली. आपला वकील मला म्हणाला, "टाळ्यांच्या गजरात ठोका ऐकू येणं शक्यच नाही, हो ना?" मी हो म्हटलं. चौकशीच्या साहेबांपुढेही तेच सांगितलं. तो टपावर आहे हे माहीत होतं का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, पाहुणे असताना तो चढेल असं वाटलं नव्हतं. निकाल लागला: मयत स्वतःच्या जबाबदारीवर, न सांगता चढला. आपल्या कंपनीचा दोष नाही. बाहेर येताच वकिलाने माझा हात हातात घेऊन गदागदा हलवला. "साहेब, याला म्हणतात ट्रायम्फ!"

तुझ्या सगळ्या अटी मी तिथेच पायऱ्यांवर उभा राहून तपासल्या. पार पडल्यावर म्हटला होता. समोर कुणीतरी होतं. मातही झाली होती. शब्द अगदी बरोबर वापरला होता गं त्याने. समोर माझा भाऊ होता.

त्यानंतर गावभर एकच. "हात सोन्याचे, पण माणूस उतावळा." ज्याने आयुष्यात एक नट दोनदा तपासल्याशिवाय सोडला नाही, तो उतावळा! काकूसुद्धा तेच बोलायला लागली. भांडी घासता घासता त्याच्यावर चिडायची: "शंभरदा सांगितलं होतं, घाई करू नका. घरी आपलं माणूस आहे हे तरी आठवायचं!" भिंतीपलीकडून मला शब्दन् शब्द ऐकू यायचा. एकदा माझ्यापुढे चहा ठेवून म्हणाली, "भाऊजी, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. तुम्हाला ऐकू आलं असतं तर तुम्ही थांबला असता, हे काय मला सांगायला हवं?" तो चहा मी प्यायलो. तेही तुला सांगून ठेवतो.

आज सकाळी तिच्याकडे गेलो आणि सांगितलं. वकिलाला विचारलं नाही, तुझ्या आईलाही नाही. काकू भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. मला वाटलं होतं ती ओरडेल, हाताला लागेल ते फेकून मारेल. तिने विचारलं, "म्हणजे त्यांनी ठोका दिला होता?"

"दिला होता."

"वेळेवर?"

"वेळेवर."

तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग पदराने तोंड झाकून म्हणाली, "आणि मी रोज त्यांनाच शिव्या घालत होते." मग मला म्हणाली, "उठा. माझ्या घरातून उठा." मी उठलो.

उद्या सोमवार. ऑफिस उघडलं की चौकशीच्या साहेबांकडे जातोय, पहिला जबाब खोटा होता म्हणून सांगायला. पुढे काय होईल ते होवो. परवाना जाईल, कदाचित मलाही नेतील. आई खचेल, तिला तुझा आवाज लागेल. काकूला आधी फोन कर, मग आईला.

मलाही कर. नाही केलास तरी चालेल, असं लिहिणार होतो, पण आता आणखी खोटं लिहवत नाही.

बाबा