मिथेनच्या ज्योतीला लावलेली माझी टाकी परत मिळणेबाबत

प्रति,
मा. घनकचरा अधिकारी साहेब,
वडमाळ नगरपालिका, जि. कोल्हापूर.

विषय : पाहणीसाठी नेलेली गॅसची टाकी परत मिळणेबाबत.
संदर्भ : माझे आधीचे दोन अर्ज, जे आपल्या कार्यालयात 'आढळून येत नाहीत'.

महोदय,

मी चिमणाबाई पिराजी खोत, कचरा डेपोच्या फाटकासमोर मिसळीची गाडी चालवते. अर्ज करण्यास कारण की, कचऱ्यातला मिथेन वायू नळीने गोळा करून जाळावा, असा नियम आला. आपण नळी उभी केली, नारळही फोडला. परंतु नळी कचऱ्यात उतरवायचे टेंडर वेगळे असून ते अद्याप निघालेले नाही. तेवढ्यात पाहणीची टीम आली.

तेव्हा आपले मुकादम अमरसिंह पळत आले. "आक्का, टाकी द्या की जरा. तासाभराचं काम हाय. गावाच्या इज्जतीचा प्रश्न हाय!" इज्जत म्हटल्यावर मी उकळता कट उतरवला. टाकी नळीच्या बुडाशी पोत्याखाली जोडण्यात आली. ज्योत अशी फुरफुरली की टीमने टाळ्या वाजवल्या आणि आपणांस शाल-श्रीफळ मिळाले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

परंतु टीम केव्हाही परत येईल, या कारणास्तव टाकी अजून तिथेच आहे. रिकामी झाली की माझ्याच नावावर दुसरी नोंदवली जाते. माझी गाडी बंद आहे. घर त्या गाडीवरच चालतं. म्हणून चूल पेटवली, तर धुराने हवा बिघडते म्हणून आपल्याच शिपायाने मला नोटीस दिली. आता हसावं की डोकं आपटून घ्यावं, साहेब?

तरी टाकी परत मिळावी. ते नियमात बसत नसल्यास ज्योतीवर माझे पातेले ठेवण्याची परवानगी मिळावी. गॅस माझाच आहे.

आपल्याच फाटकासमोर बसलेली अर्जदार,
चिमणाबाई पिराजी खोत
दि. ९ एप्रिल २०२५

सोबत :
१) टाकीच्या पावतीची झेरॉक्स.
२) ज्योतीचा पेपरातला फोटो. (टाकी दिसत नाही, पोतं दिसतं.)

ता. क. : अर्ज द्यायला निघाले, तोच डेपोचा डोंगर आपोआप पेटला. ज्वाळा आपल्या ज्योतीपेक्षा उंच आहेत. पोत्याखाली भरलेली टाकी तशीच आहे. हलवा म्हणून मी बोंबलते आहे, तर मुकादम म्हणतात, "साहेबांचा लेखी आदेश लागंल." साहेब, मिसळ राहू दे, आधी तेवढी सही करा, माणसं मरतील! आणि टीमला आजच बोलवा. आज माझी टाकी लागणार नाही.