बाईसाहेब आरवल्या

ता. ९ जून
ति. आत्यास,
सा. न. वि. वि.
आपल्या ठिपक्यांच्या कोंबडीने परवा पाच पिल्लं काढली. कोंबडा मागच्या गल्लीतल्या शिंप्याचा, त्यामुळे पाचांचे रंग पाच तऱ्हेचे. तू शिकवलं होतंस तसे पहिल्याच दिवशी पंख उघडून पाहिले. दोघांची पिसं लांब-आखूड, तिघांची सारखी. म्हणजे माद्या दोनच ना? वर राहणाऱ्या घरमालकीणबाई रात्रपाळीच्या नर्स, सकाळी येऊन झोपतात. कोंबड्या पाळा, आरवणारा नको, एवढीच त्यांची अट.

लांब-आखूड पंखांचं एक पिल्लू बाबांच्या मांडीवरून हलत नाही. नाव ठेवलंय बाईसाहेब. आई गेल्यापासून चार वर्षं बाबांनी उंबरठा ओलांडलेला नाही, माझ्याशीही नुसतं हं-हूं. बाईसाहेबांशी मात्र तासन्‌तास गप्पा! ती मादीच असू दे गं.
तुझी,
ठमी

ता. १५ जून
चि. ठमीस,
अ. उ. आ.
बत्तीस वर्षं उबवणी केंद्रात पिल्लांचे नर-मादी वेगळे केले मी. लांब-आखूड म्हणजे मादी, डोळे मिटून सांगते. बाकीचे तीन शिंप्याला देऊन टाक. दादाला म्हणावं, बाईसाहेब कायमच्या तुझ्या. आणि बहिणीला पत्र लिहायला हात दुखतात का, तेही विचार.
तुझी,
आत्या

ता. १९ ऑगस्ट
ति. आत्यास,
सा. न. वि. वि.
बाईसाहेब काल आरवल्या. तुरा लालभडक झाला तेव्हाच मला शंका आली होती, पण बाबा म्हणाले, उन्हाने झाला असेल, आणि मीही मान डोलावली. नर्सबाई सुजल्या डोळ्यांनी खाली आल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. रविवारपर्यंत सोय करा म्हणाल्या. आपल्याकडचं दुसरं पिल्लू तेवढं मादीच आहे, आणि तिकडे शिंप्याकडचे तिन्ही ‘कोंबडे’ माद्या निघाल्यात. बाबा कालपासून जेवलेले नाहीत. काय करू?
तुझी,
ठमी

ता. २२ ऑगस्ट
चि. ठमीस,
अ. उ. आ.
चूक माझी. पंखांची ती खूण केंद्रातल्या पिल्लांना लागू, कारण त्यांचे आईबाप त्यासाठीच निवडलेले असतात. घरच्या मिश्र पिल्लांना तिचा काही उपयोग नाही, तुरा दिसेपर्यंत थांबायला हवं होतं. मला माझा शहाणपणा नडला, आणि भोगतोय दादा. फार वाईट वाटतं.

माझं अंगण मोकळं आहे, शेजारी लांब आहेत. पण कोंबडा मी घेईन तो दादाच्याच हातून. तू आणलास तर दार उघडणार नाही.
तुझी,
आत्या

ता. २९ ऑगस्ट
चि. ठमीस,
अ. उ. आ.
पोचलो. टोपली मांडीवर होती, त्यामुळे अख्ख्या बसने चौकशी केली. नाव सांगितलं की सगळे हसायचे, मग मीही हसलो. इतक्या माणसांशी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

इथे बाईसाहेब मनसोक्त आरवतात. तुझ्या आईला हा आवाज आवडला असता, असं मी तुझ्या आत्याला म्हणालो. मग आम्ही दोघंही रडलो. बरं वाटलं.

परतीचं अजून ठरवलेलं नाही. तू रविवारी ये. थांब्यापासून घर लांब आहे, चुकशील. मी घ्यायला येतो.

माया आहेच, ती आता पत्रातूनही कळवत जाईन.
तुझे,
बाबा