टेबल पाच

सोमवार, ३
लागले एकदाची नोकरीला! इस्पितळाचा नोंदणी विभाग, खिडकीजवळचं टेबल चार, खुर्चीही न डुगडुगणारी. आम्ही चौघं, कॉम्प्युटर चार, पण पेशंटांच्या नोंदींची फाइल एकच. एकाने नोंद उघडली की बाकीच्यांना ती नुसती दिसते, लिहिता येत नाही. म्हणून काम झालं की नोंद बंद करायची आणि टेबलावरची घंटी वाजवायची. समोरचे चष्मेवाले म्हणाले, घंटी विसरलात तर सगळे तुमच्या नावाने खडे फोडतील. घरी ताईला हे सांगितलं, तर हसून हसून तिला ठसका लागला.

शुक्रवार, ७
एका आजोबांच्या नोंदीत लिहिता येईना. स्क्रीनवर आलं, 'नोंद टेबल ५ वर उघडी आहे.' आमच्याकडे टेबलं चारच. चष्मेवाल्यांनी सांगितलं की पाचवं आधीच्या बाईंचं; त्या वारल्या, टेबल भंगारात गेलं. मग उघडली कोणी, असं विचारल्यावर ते चहाला उठले. आजोबा दुपारी वारले.

बुधवार, १२
आणखी दोघं. नोंद टेबल पाचवर, आणि संध्याकाळच्या आत माणूस संपलेला. साहेबांना सांगितलं. म्हणाले, फाइल जुनी आहे, अडकते; नवीन घ्यायला वरून मंजुरी नाही. वर कोण बसलंय देव जाणे.

गुरुवार, १३
ताईला धाप लागली म्हणून इथेच भरती केलं. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, माझ्यापायी लग्नसुद्धा केलं नाही. तिची नोंद मी उघडली ती बंद केलीच नाही. माझ्याकडे असली म्हणजे टेबल पाचला मिळणार नाही. दिवसभर पाण्यालासुद्धा उठले नाही. घरी जाताना कॉम्प्युटर चालूच ठेवला.

शुक्रवार, १४
चष्मेवाले दोनदा करवादले, ही नोंद कोण अडवून बसलंय म्हणून. मी मान वर केली नाही. वॉर्डातून चिठ्ठी आली होती म्हणे, नोंदीत चढवायची होती. चढवतील उद्या. ताई जिवंत आहे, मला एवढंच पुरे.

शनिवार, १५
ताई गेली. सकाळी. इंजेक्शन दिल्यावर.
चिठ्ठीत तेच होतं — हे इंजेक्शन हिला चालत नाही, देऊ नका. पाळी बदलून आलेल्या नर्सबाई रडत म्हणाल्या, नोंदीत काहीच नव्हतं हो. कसं असेल? मी लिहू दिलं नाही. मोठी शहाणी मी.
आज चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. आधीच्या बाईंनी मुलाची नोंद अशीच धरून ठेवली होती, भीतीपोटी. त्याच्या नोंदीतही काही चढलं नाही, तो गेला, आणि बाई टेबलाशी बसल्या बसल्याच वारल्या. म्हणजे बाई अजून धरून बसल्यात, एकेकाला वाचवायला — आधी सांगायला यांची जीभ झडली होती का —

सोमवार, १७
साहेब म्हणतात नोंद सोड, त्यात 'मृत' लिहायचंय.
नाही सोडणार. लिहिलं नाही तोवर ताई —
खुर्चीतून उठवत नाही. चष्मेवाल्यांना हाक मारली. त्यांनी वर पाहिलं नाही.

मंगळवार
घंटी वाजली. कुणी हातही लावला नव्हता —
ताईच्या नोंदीत अक्षरं उमटतायत. मी खोडते. पुन्हा —
खोडते.
माझं टेबल कुणीतरी उचलून नेतंय. मी तर इथेच —
स्क्रीनच्या कोपऱ्यात टेबलाचा आकडा असतो. माझा चार. चारच होता. आता तिथे